पोरगं "अभ्यासच करत नाही"? आधी या चुका टाळा (बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या आईबापांसाठी)

मे संपत आला की आपल्याकडं शाळा सुरू. तिकडं कोल्हापूर-गडहिंग्लजच्या मावशीच्या पोरांची सुट्टी अजून बाकी असते आणि आपली पोरं नवीन दप्तर घेऊन वर्गात बसलेली. पहिले काही दिवस सगळं छान चालतं. जुलैत पाऊस लागतो, पहिली टेस्ट होते, सॉक्स वाळत नाहीत, "डीसी (जिल्हाधिकारी) साहेबांनी उद्या सुट्टी दिली" म्हणून गेल्या वर्षीचाच मेसेज ग्रुपवर फिरतो, आणि मग घराघरात एकच गाऱ्हाणं, पोरगं अभ्यासच करत नाही हो, सारखं मोबाईल, काय सांगितलं तर ऐकत नाही.

मी बेळगावच्या अनगोळात घरी शिकवणी घेते. पहिली ते सातवीची पोरं, इंग्लिश मीडियमची पण आणि मराठी शाळेतली पण. त्यांच्या आया पोराला सोडायला येतात आणि दारात चप्पल न काढताच सगळं सांगून मोकळ्या होतात. ते रोज ऐकून माझं एक मत पक्कं झालंय. अभ्यास करत नाही म्हणतात त्या पोराचं कुठंतरी काहीतरी अडलेलं असतंय, बऱ्याचदा एकाच ठिकाणी, आणि ते कुठं अडलंय ते न बघता आपण एकतर ओरडतो नाहीतर कुणाला तरी पैसे भरतो. पैसे भरता तेव्हा ते माझ्याकडंच येतात, तरीपण सांगते, आधी बघा.

गणित येत नाही म्हणून लगेच गणिताची ट्यूशन

चौथीतलं एक पोरगं, इंग्लिश मीडियम. आईची तक्रार, याला साधी वजाबाकी येत नाही. मी पुस्तकातलं गणित दिलं, म्हणजे एकाकडं 48 मार्बल्स, दुसरीकडं 29, हाऊ मेनी मोर. यानं झटक्यात बेरीज केली, 77. आई माझ्याकडं बघायला लागली, बघितलंत का म्हणून. मग मी वही बंद केली आणि त्याला म्हटलं, तुझ्याकडं 48 गोट्या आहेत, माझ्याकडं 29, तुझ्याकडं माझ्यापेक्षा किती जास्त? त्यानं छताकडं बघितलं, बोटं हलवली आणि म्हणाला, "19 की ओ टीचर." म्हणजे वजाबाकी येतच होती. "मोर" दिसलं की बेरीज करायची एवढंच कुणीतरी पाठ करून घेतलेलं. त्याला गणिताची नाही, गणितातलं इंग्लिश वाक्य उलगडायची गरज होती.

तर घरी हे करून बघा, यात शिकवण्यासारखं काही नाही, फक्त बघायचं. अडलेलं गणित मराठीत, तोंडी, आपल्या घरातल्या वस्तू घेऊन सांगा, लाडू, गोट्या, बसचं तिकीट काहीपण. सुटलं तर अडचण भाषेची आहे, रोज दोन गणितं फक्त वाचायची आणि काय विचारलंय ते मराठीत सांगायचं, सोडवायची पण गरज नाही. करायचं काय ते बरोबर सांगितलं पण उत्तर चुकलं तर मग हातच्याचा घोळ आहे. हा घोळ बघायला एकच गणित पुरतं, 502 वजा 178. बरोबर उत्तर 324. पोराचं 476 आलं तर समजा की ते प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतंय, वर कोण खाली कोण ते बघतच नाही, दोनातून आठ जात नाहीत म्हणून आठातून दोन काढले, सहा लिहिले, शून्याखाली सात होते ते सात तसेच उतरवले. याला मार्क कमी पडतात आणि आपण म्हणतो लक्ष नाही. लक्ष आहे हो, त्यानं स्वतःचा एक नियम करून घेतलाय आणि तो इमानदारीत पाळतंय. शंभरच्या आणि दहाच्या नोटा आणि एक-एकची नाणी घेऊन, सुट्टे करून दाखवलं की दोन-चार दिवसात सुटतं ते.

आणि तोंडी सांगूनपण काहीच कळत नसेल तर मात्र मागच्या वर्षाचं पुस्तक काढा. लाज वाटायचं कारण नाही. पाचवीच्या पोराला तिसरीचा भागाकार शिकवायला लागला तर लागला, वरचं रेटत राहिलात तर सातवीला ते अजून महाग पडतंय.

कन्नडचं "बघू पुढं"

यावर जरा जास्त लिहिणार आहे कारण आपल्या भागात सगळ्यात जास्त रडारड याच विषयाची असते आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षपण याच विषयाकडं.

2015 चा कायदा आहे, 2017-18 पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्यानं लागू झालाय, आणि शाळा कुठल्यापण बोर्डाची असली तरी कर्नाटकात कन्नड शिकायला लागतं. हे बरोबर की चूक यावर आपल्या घरात जेवताना भांडणं होऊ शकतात, होतातच. पण ती पोरासमोर होतात इथं चूक आहे. पोरगं बघतंय की बाबा कन्नडचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात, आज्जोबा 1956 पासूनचा सीमाप्रश्नाचा सगळा इतिहास सांगतात, आणि मग त्याच पोराला टेस्टमध्ये 20 पैकी 6 पडले की तेच बाबा ओरडतात. त्यानं नक्की काय समजायचं? महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो तिथं चालू दे. पोराची टेस्ट येत्या मंगळवारी आहे. एक नोव्हेंबरच्या कर्नाटक राज्योत्सवाचं पण तसंच, तुमच्या घराची जी काय भूमिका आहे ती असू दे, पण शाळेतल्या कार्यक्रमात पोराला डान्सला घेतलं म्हणून त्याला घरी टोमणे मारू नका, त्यानं स्वतः ठरवलेलं नसतंय ते.

आता शिकण्यातली चूक. ही मी जवळजवळ प्रत्येक वहीत बघते. कन्नडचा धडा, आणि प्रत्येक ओळीच्या वर पेन्सिलनं देवनागरीत उच्चार लिहिलेले. बऱ्याचदा आईनंच लिहून दिलेले, प्रेमानं. पोरगं ते देवनागरी वाचतंय, कन्नड अक्षराकडं बघतच नाही, आणि तोंडी परीक्षेत धडाधडा म्हणून दाखवतंय. टीचर खुश, आई खुश. लेखी पेपरात वर देवनागरी नसते, तिथं मग कोरा कागद.

शिवाय देवनागरीत लिहून घेण्यात अजून एक गोची आहे. कन्नडमध्ये ए दोन आहेत, एक आखूड, एक लांब. ओ पण दोन. आपल्याकडं एकच. बेळे आखूड म्हटलं तर शेतातलं पीक, लांब म्हटलं तर आमटीतली डाळ. देवनागरीत दोन्ही सारखंच दिसणार, मग पोराला कळणार कसं कुठं कुठली मात्रा द्यायची? टीचर लाल रेघ मारतात, पोराला वाटतं उगाच मार्क कापले. एकदा त्याला नीट सांगा की बाबा इथं दोन आवाज आहेत, कान देऊन ऐक. शेजारच्या कन्नड अक्कांना ते दोन शब्द म्हणायला सांगा, त्या हसत हसत दहा वेळा म्हणून दाखवतील, वर चहा पण पाजतील. जोडाक्षरांचंपण तेच. मराठीत आपण अर्धं अक्षर शेजारी जोडतो, तिथं दुसरं अक्षर पहिल्याच्या खाली लटकवतात, ओत्तक्षर म्हणतात, आणि काही ओत्तक्षरं मूळ अक्षरासारखी दिसतच नाहीत. ती वेगळी पाठच करायला लागतात, त्याला इलाज नाही. एका पुठ्ठ्यावर लिहून जेवायच्या टेबलासमोर नाहीतर देवघराच्या शेजारी चिकटवा, रोज दिसलं की बसतं डोक्यात.

सराव कुठं करायचा म्हणाल तर रस्त्यावर. सीबीटीला, म्हणजे बेळगावच्या मुख्य बसस्टँडला, बसची वाट बघत उभं असता ना, तेव्हा मोबाईल हातात द्यायच्या ऐवजी म्हणा, ती बस कुठली बघ. येळ्ळूर, कडोली, सांबरा, हिंडलगा, ही नावं पोराला आधीच माहीत आहेत, त्यामुळं पाटीवरची अक्षरं त्याला आपोआप लागतात, पहिलं अक्षर ओळखलं की पुढचं अंदाजानं. नाव ओळखीचं आणि लिपी नवी, शिकायला यापेक्षा सोपं काही नाही. दुकानांच्या पाट्या, गोडेतेलाची पिशवी, बसचं तिकीट, सगळीकडं कन्नड आहेच की. रोज दहा-पंधरा मिनिटं, बास. आठवी-नववीत जाऊन एकदम कन्नडचा क्लास शोधत फिरणारे आईबाप दर वर्षी भेटतात आणि तेव्हा पोराच्या डोक्यात "मला कन्नड येतच नाही" हे इतकं घट्ट बसलेलं असतंय की अक्षरं शिकवण्याआधी ते काढायला लागतं.

बोलायचं मात्र ओरडून शिकवू नका. गल्लीत क्रिकेट खेळताना जे येतं ते येतं. ज्या गल्लीत दोन कन्नड घरं आहेत तिथली पोरं टीचरपेक्षा चांगलं बोलतात.

मराठी काय, येतंच की

हे उलटं. मराठी मीडियमवाल्यांचं म्हणणं, मराठी आपलीच भाषा, त्याला काय अभ्यास करायचा. एसएसएलसीला, म्हणजे दहावीच्या बोर्डाला, 625 मार्क असतात, त्यात पहिली भाषा एकटी 125 ची, बाकीचे विषय 100-100 चे. म्हणजे सगळ्यात जड पेपर तोच आणि सगळ्यात कमी अभ्यास त्याचाच. व्याकरण, निबंध, पत्र, ऱ्हस्व-दीर्घ, सगळं शेवटच्या महिन्यात. घरी आपण "करूलालो, जाऊलालो" बोलतो, बोलायचंच, ती आपली गोड भाषा आहे, कुणी हसलं तर हसू दे, पण पेपरात "मी अभ्यास करूलालो होतो" असं लिहून चालत नाही हे पोराला कुणीतरी सांगायला पाहिजे ना. चुकीचं बोलतोस म्हणू नका. बोलायचं असं, लिहायचं असं, दोन्ही यायला पाहिजे, एवढंच.

इंग्लिश मीडियमवाल्यांचं दुखणं वेगळं. पोरगं मराठी बोलतं, वाचत नाही. सहावीतलं पोरगं आज्जीनं आरतीचं पुस्तक हातात दिलं की जोडाक्षर आलं की थांबतं. याला क्लास नको. रात्री झोपायच्या आधी दोन पानं मोठ्यानं वाचायची, एक परिच्छेद त्यानं, एक तुम्ही. पेपरातली क्रिकेटची बातमी चालेल, विनोद चालेल. धडा देऊ नका, धडा म्हटलं की अंगावर काटा येतो त्यांच्या. सार्वजनिक वाचनालयातनं गोष्टीची पुस्तकं आणा, पोराला स्वतःला निवडू दे, आणि त्यानं आपल्या वयापेक्षा लहान पोरांचं, मोठ्या अक्षराचं पुस्तक उचललं तर "एवढा मोठा झालास आणि" हे वाक्य तोंडातल्या तोंडात गिळा.

"आई, पोटात दुखूलालंय"

सोमवारी सकाळी, व्हॅन यायच्या आधी पाच मिनिटं. आपण म्हणतो नाटक. काही वेळा नाटक असतं पण, नाही म्हणत नाही. तरी नाटक म्हणायच्या आधी थोडी पोलिसगिरी करा.

रविवारी दुखतं का? सुट्टीत मामाकडं दुखलं का? तिथं दुखत नसेल आणि शाळेच्या दिवशीच दुखत असेल तर शाळेत काहीतरी आहे. आणि हे लक्षात घ्या की भीतीनं दुखणारं पोट खरंच दुखतंय, पोरगं खोटं बोलत नसतंय. रात्री झोपेतनं उठवणारं दुखणं, ताप, उलट्या, वजन कमी होणं, शौचाला रक्त, असलं काही असेल तर मात्र अंदाज बांधत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा.

शाळेत काय आहे ते शोधताना मी पहिली बाटली बघायला सांगते. पाण्याची बाटली सकाळी भरून गेली आणि संध्याकाळी तशीच भरलेली परत आली, असं रोज होतंय? मग पोरगं पाणी पीत नाही, आणि पाणी का पीत नाही तर शाळेतल्या संडासात जायला नको म्हणून. घाण असतो, कडी लागत नाही, मोठी पोरं दार वाजवतात. मुलींचं तर विचारूच नका, पाचवी-सहावीपासून हा प्रश्न अजून मोठा होतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत धरून ठेवलं की पोट साफ होत नाही, जळजळ सुरू होते, मग पोटदुखी. बाळहिरडा देऊन हे जाणार आहे का? सकाळी अर्धा तास लवकर उठवा, नाश्ता झाल्यावर निवांत बसू दे संडासला, घाई करू नका. आणि शाळेला सांगा. सरकारी शाळा असेल तर एसडीएमसी नावाची शाळेची समिती असते, त्यात आईबापच असतात, मीटिंगला जाऊन कडीचा विषय काढा, सगळ्यांच्या पोरांचा विषय आहे तो. प्रायव्हेट असेल तर एकटीनं जाऊ नका, चौघीजणी जावा, मग लवकर ऐकतात.

बाटली रिकामी येते, तर मग व्हॅन. कोण कुठं बसतं, मागच्या सीटवर कोण असतं, डबा कोण काढून घेतं, हे गप्पा मारता मारता विचारा, समोर बसवून चौकशी केलीत तर "काही नाही" एवढंच उत्तर मिळणार. पोरं गाडीवर मागं बसल्यावर जास्त बोलतात हे माझं निरीक्षण आहे, तोंड दिसत नाही म्हणून असेल. कुणी मोठं माणूस त्रास देतंय असा जरा जरी वास आला तर गप्प बसायचं नाही, 1098 हा लहान मुलांसाठीचा फोन नंबर आहे, फुकट आहे, कधीपण लागतो.

आणि डोळे. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून शेजारच्याच्या वहीत बघून लिहिणारी पोरं मी बघितलीत, त्यांना "कॉपी करतो" म्हणून मार बसलेला असतो. पोराला स्वतःला माहीतच नसतं की बाकीच्यांना यापेक्षा स्पष्ट दिसतंय. टीव्हीजवळ जाऊन बसतंय, डोळे बारीक करतंय, डोकं दुखतंय म्हणतंय तर एकदा तपासून घ्या. चष्मा लागला तर लागला, कुणाकडनं नजर लागली वगैरे शोधत बसू नका.

शाळा, ट्यूशन, ट्यूशन, झोप

साडेचारला शाळा सुटली, पाचला माझ्याकडं हजर, सातला दुसरीकडं अबॅकस. मधे पोटात काय, तर कुरकुऱ्याचं पाकीट. पोरगं जांभया देतंय आणि आई विचारते लक्ष का नाही. मी स्पष्ट सांगते, आधी घरी न्या, भाकरी-भाजी नाहीतर शेंगाचटणी लावून चपाती खाऊ दे, अर्धा तास लोळू दे, रस्त्यावर खेळू दे, मग पाठवा, सहाला पाठवा, मी काय पळून जात नाही. पहिली-दुसरीच्या पोराला तर ट्यूशन नकोच. लिहून देते कुणाला पाहिजे तर.

झोपेचा हिशोब सरळ आहे. सहा ते बारा वयाच्या पोरांना नऊ ते बारा तास झोप लागते, तेराच्या पुढं आठ ते दहा. सकाळी साडेसहाला उठायचं असेल तर साडेनऊला दिवा बंद पाहिजे. आता साडेनऊला आपल्या घरात काय चालू असतं? सिरीयल. आणि बाबा उद्यमबागेतल्या कारखान्यातनं सेकंड शिफ्ट करून येणार असतील तर पोरगं जागंच राहतं, कारण दिवसभरात बाबा दिसायची तेवढी एकच वेळ. याला सोपं उत्तर नाही. काही घरांनी सकाळचं पकडलंय, बाबा लवकर उठून पोराला शाळेत सोडायला जातात आणि नंतर झोपतात, तेवढीच दहा मिनिटं गाडीवर. ते मला आवडलं.

मोबाईल, ग्रुप आणि थर्माकोल

मोबाईलवर सगळ्यांनी सगळं लिहून झालंय त्यामुळं एकच सांगते, जेवताना देऊ नका. पोरगं काय खातंय, किती खातंय ते त्यालाच कळत नाही. आणि "अभ्यास केलास तर मोबाईल" हे बक्षीस बंद करा, त्यातनं पोराला एवढंच कळतं की अभ्यास ही शिक्षा आणि मोबाईल हे सुख.

होमवर्कचा ग्रुप ही अजून एक कटकट. शाळेतनं होमवर्क ग्रुपवर यायला लागल्यापासून पोरांनी डायरी लिहायचं सोडलंय, का लिहील, आई बघतेच की. रात्री दहाला एकीचा मेसेज, ईव्हीएसचं काय आहे? मग दुसरी फोटो टाकते, तिसरी उत्तरं टाकते. पोरगं झोपलेलं असतंय आणि आया अभ्यास करताहेत. आठवडाभर ग्रुप बघू नका. होमवर्क राहील, एक-दोनदा टीचर ओरडतील, मग डायरी आपोआप लिहिली जाते. टीचरना आधी सांगून ठेवा म्हणजे गैरसमज नको. प्रोजेक्टचंपण तसंच, रात्री नऊला स्टेशनरीच्या दुकानात थर्माकोल शोधत फिरणाऱ्या बाबांनो, तुम्ही केलेला ज्वालामुखी सुंदर असतो, त्याच्यावर पोराचं नाव असतं आणि टीचरना सगळं कळत असतं. वाकडा होऊ दे, पण त्याचा होऊ दे.

आज्जी हो म्हणते, आई नाही म्हणते

एकत्र घरात हे होणारच. पोरं हुशार असतात, कुणाकडं काय मागायचं हे त्यांना पक्कं माहीत असतं. आज्जीशी भांडू नका, तिला एक खातं देऊन टाका. चकली-लाडू आणि गोष्टी आज्जीचं, अभ्यास आणि झोपायची वेळ आईबाबांचं. आणि पोरासमोर "तुमच्यामुळंच बिघडलाय" हे सासूला म्हणायचं नाही. म्हणायचंच असेल तर पोरगं शाळेत गेल्यावर म्हणा.

सुट्ट्यांचा घोळ आहेच. आपल्याला दसऱ्याला मोठी सुट्टी, मामाच्या पोरांना दिवाळीला. दिवाळीत किल्ला करायचा तर आपल्या पोरांना मिळतात मोजून चार दिवस, मग माती आणणं, मावळे रंगवणं सगळं रात्री. त्या आठवड्यात अभ्यासाचा फार आग्रह धरू नका, हाताला माती लागू दे. दसऱ्याच्या सुट्टीत होमवर्क संपवून ठेवला की दिवाळी मोकळी मिळते, एवढं आधी ठरवा.

दहावीनंतर एकदम इंग्लिश

मराठी शाळेतनं चांगले मार्क घेऊन पास झालेलं पोरगं पीयूसी सायन्सला, म्हणजे अकरावीला, जातं आणि पहिल्या महिन्यात खचतं. विषय तेच असतात पण सगळं इंग्लिशमध्ये. प्रकाशाचं परावर्तन येत असतं पण रिफ्लेक्शन म्हणजे तेच हे कुणी सांगितलेलं नसतं. आठवीपासून सायन्स आणि गणिताच्या प्रत्येक धड्यातले दहा-बारा शब्द मराठी एका बाजूला, इंग्लिश दुसऱ्या बाजूला असं लिहून वही करा. दहावीपर्यंत ती वही जाडजूड होते आणि पीयूसीला तीच उपयोगी पडते. दहावीची परीक्षा आणि रिझल्ट यामधल्या मोकळ्या वेळात हे करू म्हणणारे कुणीच करत नाहीत, तेव्हा पोरं शिवजयंतीच्या चित्ररथात गुंतलेली असतात.

कागदपत्रं, जूनमध्ये पळापळ

हे कुणी अभ्यासात धरत नाही पण पोराचं वर्ष यातपण अडतं. नाव. आपल्या पोराचं नाव तीन लिप्यांत लिहिलं जातं आणि तिन्हीकडं वेगळं होतं. ज्ञानेश्वर घ्या, आपण डी एन वाय ए लिहितो, कन्नडवरनं इंग्लिश केलं की जे एन ए होतं. आधारवर एक, शाळेच्या रजिस्टरला दुसरं, बँकेच्या पासबुकात तिसरं, मग स्कॉलरशिपचा अर्ज भरला की जुळत नाही म्हणून परत. आडनावातला ळ तर कधी एल, कधी डबल एल. पहिलीला अॅडमिशन घेतानाच जन्मदाखला समोर ठेवून एकच स्पेलिंग ठरवा, ते वडिलांच्या आणि आईच्या नावाला पण लावा, आणि तेच सगळीकडं चालवा. शाळेत कारकुनानं लिहिलेलं वाचून बघा, कन्नड वाचता येत नसेल तर वाचता येणाऱ्याला बरोबर न्या.

जात-उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतनं, म्हणजे महसूल खात्याच्या ऑफिसातनं, काढायचा असतो, तो शाळा सुरू झाल्यावर काढायला गेलात तर सगळा तालुका तिथंच असतो. एप्रिल-मेमध्ये काढून ठेवा.

आणि एक, जे फार थोड्यांना माहीत असतं. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगसारख्या प्रवेशांत सीमाभागातल्या 865 गावांतल्या, मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी वेगळी सोय असते, एमकेबी (महाराष्ट्र-कर्नाटक बॉर्डर) म्हणतात त्याला. त्यासाठी आपण त्या भागातले आहोत याचा दाखला लागतो आणि मातृभाषा मराठी आहे याचा पण. म्हणून शाळेच्या रजिस्टरला मातृभाषेच्या रकान्यात काय लिहिलंय ते आत्ताच बघून या, इंग्लिश मीडियममध्ये असाल तर जास्तच. काही ठिकाणी तिथं सरसकट कन्नड नाहीतर इंग्लिश पडलेलं असतं आणि ते बारावीनंतर कळतं. बोर्डाकडं नावं जायच्या आधी हेडमास्तरांकडनं यादी मागून घ्या, नाव, जन्मतारीख, आईचं नाव, सगळं बोट ठेवून वाचा. चूक असेल तर अर्ज लिहून द्या, त्याची पोच घ्या आणि ती पोच जन्मदाखल्याच्या फाईलमध्येच ठेवा, कपाटात दुसरीकडं कुठं नको, वेळेला सापडत नाही.